जर्मनीला नर्स हवी आहे (पुन्हा एकदा)

गेल्या रविवारी झोप पूर्ण व्हायच्या आत एक कॉन्ट्रॅक्ट वाचायला लागलं. माझं नव्हे. आमच्या मुलुंडच्या घरी आजीला सांभाळायला भांडुपहून मावशी येतात. त्यांची मुलगी जीएनएम झालीय आणि सध्या ठाण्याला जर्मनच्या क्लासला जाते. एका एजंटने दिलेले चौदा पानी इंग्रजी कागद पिशवीत घालून ती आली. "दादा, एवढं वाचून द्या ना. सही करू का नको?"

आपण पडलो इंजिनिअर. कुठलंही डॉक्युमेंट हातात आलं की आधीचं व्हर्जन काय होतं ते बघायची खोड. म्हटलं, बघूया तरी. आणि सापडलं की हो!

पूर्वी परदेशी व्यापारी शिष्टमंडळ म्हटलं की डोळ्यांसमोर मशीन, कापड, गाड्या यायच्या. श्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज आणि बॉशचं गाव. ते 1968 पासून मुंबईचं जोडशहर आहे. ते ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गशी महाराष्ट्राची भागीदारी झाली 2015 मध्ये. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये याच दोन राज्यांनी जो सामंजस्य करार केला, त्यात मशीन नव्हती, माणसं होती. प्रायोगिक टप्प्यात 10,000. इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर वगैरे होतेच, पण यादीत परिचारिका आणि आजारी व वृद्धांची शुश्रूषा करणारेही होते. जपान तर आधीच आला होता. त्यांच्या प्रशिक्षणार्थी योजनेबद्दल भारताशी करार ऑक्टोबर 2017 चा, दुसरा कुशल कामगारांसाठीचा जानेवारी 2021 चा. दोन्हीकडे वृद्धसेवा आहे.

आता गंमत बघा. जर्मनीने भारतीय मुलींना बोलावण्याची ही पहिली वेळ नाही. 1960 च्या दशकात तिथल्या हॉस्पिटलांत नर्सेसचा तुटवडा झाला, तेव्हा कॅथलिक संस्थांमार्फत केरळातल्या मुली तिकडे गेल्या. बऱ्याचशा नुकत्या शाळेतून बाहेर पडलेल्या, अठरा-वीस वर्षांच्या. भाषा तिथेच शिकल्या, नर्सिंगही तिथेच. पगारातून गावाकडे पैसे पाठवले, भावंडांची शिक्षणं केली, बहिणींची लग्नं लावली.

मग 1973 साली तेलाचं संकट आलं आणि जर्मनीने परदेशी कामगारांची भरती थांबवली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात काही राज्यांनी या नर्सेसचे परवाने वाढवून द्यायला नकार दिला. दहा-दहा वर्षं रात्रपाळ्या केलेल्या बायकांना सांगण्यात आलं, गरज संपली, आता निघा. काही परत आल्या, काही दुसऱ्या देशात गेल्या, काही झगडून तिथेच राहिल्या. ज्यांचे नवरे तिकडे गेले त्यांना पहिली काही वर्षं काम करायचीच परवानगी नव्हती. म्हणजे बायको ड्युटीवर आणि नवरा घरी पोरं सांभाळतोय. त्या काळच्या केरळी घरात हे काय झालं असेल, विचार करा!

मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच. म्हातारी माणसं तर आपल्याकडेही आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे 9.9 टक्के होते, देशात 8.6. मग ही मुलगी भांडुप सोडून हजारो मैल का जाणार?

उत्तर साधं आहे. पैसे कोण भरतो ते बघा. जर्मनीने 1995 मध्ये शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आणला, जपानने 2000 मध्ये. तिथे चाळिशी गाठली की प्रत्येकाचा हप्ता सुरू. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणं या कामामागे एक कायमचा फंड उभा राहिला, म्हणून ते काम 'नोकरी' झालं. आपण 2007 मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा केला. त्यात आईवडिलांना सांभाळणं हे मुलांचं कर्तव्य, नाही सांभाळलं तर त्यांनी न्यायाधिकरणाकडे जायचं. कर्तव्य मुलांचं, पण मुलं तर माझ्यासारखी ऑफिसात! मग कर्तव्य करतात मावशी, ब्युरोमार्फत, रोख पगारावर. पीएफ नाही. भरपगारी सुट्टी? खरं सांगतो, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

असो. कागदांकडे वळू. पगाराचा आकडा पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात. तिची भारतातली पदविका तिथे मान्य होईपर्यंत ती नर्स नव्हे, मदतनीस म्हणून काम करणार, आणि मान्यतेसाठी जर्मन बी-टू लेव्हलपर्यंत हवं, हे नवव्या पानावर. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर क्लासचा आणि प्रवासाचा खर्च परत करायचा, हे बाराव्या. आणि परवाना वाढला नाही तर काय, हे कुठेच नाही. नेमकी तीच ओळ, जी 1970 च्या दशकातही कुणी लिहून घेतली नव्हती.

तिला म्हटलं, जायला हरकत नाही, जरूर जा. पण आधी एजंटकडून तीन गोष्टी लेखी घे. मदतनीस असताना पगार किती, सोडल्यास परतफेड जास्तीत जास्त किती, आणि परवान्याची मुदत संपली तर तिकीट कोण काढणार. शिवाय परराष्ट्र मंत्रालयाकडे एजंटची नोंदणी आहे का ते बघ. तिने सगळं वहीत लिहून घेतलं.

निघताना मावशी हसत म्हणाल्या, "दादा, माझा पण एक कागद करा की असा."

चहा अर्धवट राहिला. या शनिवारी तो कागद करायला बसतोय. पहिली ओळ लिहून झालीय: आठवड्याची एक भरपगारी सुट्टी. तुमच्या घरच्या मावशींच्या कागदात काय असेल?