तारेचा वळसा

अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) यांनी स्वहस्ते घडविलेल्या सुमारे १,८०० अलंकारांत सर्पिल वळसा पुनःपुन्हा आढळतो. बालपणी बहिणीच्या बाहुल्यांसाठी त्यांनी तांब्याच्या तारेचे दागिने केले होते. पुढे पितळेची व चांदीची तार हातोडीने ठोकून ते तिला हा आकार देत आणि बरेचसे दागिने आप्तेष्टांना भेट देत. लुईसा जेम्स यांच्यासाठी घडविलेल्या सोन्याच्या अंगठीच्या माथ्यावरही तोच वळसा होता. तीच विवाहाची अंगठी ठरावी, असे काल्डर यांना वाटले. लुईसाबाईंनी मात्र ती वाङ्‌निश्चयाची मानली. त्यामुळे १९३१ साली विवाहासाठी दोन डॉलरची अंगठी विकत आणावी लागली. लग्नघरी आपण सोने तोळ्यांत मोजतो. या वळशाचे मोल घडविणाऱ्याच्या श्रमात आणि स्नेहात आहे.