कीर्द, खतावणी आणि कुकी

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाचे औचित्य साधून, नांदेडजवळच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. महिनाही उलटला नव्हता, तोच १३ ऑक्टोबरला अमेरिकेत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची चाचणी-आवृत्ती लोकांसाठी खुली केली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही. तरी आम्हांला त्या शेजारी शेजारी मांडाव्याशा वाटतात. कारण पुढे याच परिसरातला विद्यार्थी समीक्षेच्या एखाद्या पुस्तकासाठी गावातल्या दुकानांची पायपीट सोडून त्या ब्राउझरच्या वंशजांकडे वळला, आणि तो तिथे काय काय न्याहाळतो याची खूण ठेवणारी युक्ती त्या आरंभीच्या आवृत्तीतच होती.

त्या युक्तीचे नाव कुकी. जनक लू माँटुली. वेबचा मूळ स्वभाव विसरभोळा. पान मागणारा प्रत्येक जण तिला नवखाच. दुकानदाराला हे परवडणारे नव्हते, कारण गिऱ्हाइकाने एक वस्तू टोपलीत टाकून दुसरे पान उघडले की टोपली पुन्हा रिकामी. एमसीआय या कंपनीला अर्धवट राहिलेल्या खरेदीचा हिशेब स्वतःच्या यंत्रावर सांभाळायचा नव्हता. तेव्हा माँटुली यांनी तो गिऱ्हाइकाच्याच संगणकात ठेवण्याची सोय केली. दुकान एक छोटी चिठ्ठी देते, तीवर बहुधा एक क्रमांक असतो. पुढच्या भेटीत ब्राउझर ती चिठ्ठी न विचारता दाखवतो. वाण्याने आपली उधारीची वही गिऱ्हाइकाच्या खिशात ठेवावी आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसावा, असा हा प्रकार. १२ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘फायनान्शियल टाइम्स’ने त्यावर लिहिले, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला आपल्या खिशात काही आहे हे कळले.

गिऱ्हाइकाची नोंद ठेवणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्याकडच्या व्यापाऱ्याची कीर्द रोजचा व्यवहार टिपते आणि खतावणी तोच व्यवहार माणसामाणसाच्या नावावर चढवते. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या आहेत. या जुन्या नोंदींविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. गावच्या दुकानदाराला गिऱ्हाईक ‘ओळखीचे’ असे याचा अर्थ त्याची जातही ओळखीची असे, आणि कोणाच्या ओंजळीत माल वरून टाकायचा हे त्या ओळखीवरच ठरे. पण एक गोष्ट खरी, की लिहिणारा आणि लिहिला जाणारा समोरासमोर असत. वही उघडलेली दिसे. प्रश्न असे तो ती वाचता येण्याचा.

त्या प्रश्नाने महाराष्ट्रात एकदा वणवा पेटवला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. चौकशी आयोगाच्या अहवालातून दिसते ते असे, की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि वह्या हाती लागल्या की त्यांची होळी होई. ज्याने कागद मुकाट्याने काढून दिले तो बहुतेक वेळा सुटे. शेतकऱ्याला आपले कर्ज नाकारायचे होते असा याचा अर्थ आम्ही लावत नाही. आपल्याविषयी जे लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, त्याची प्रत आपल्याजवळ नाही आणि कचेरीत मात्र तेच खरे ठरते, ही ती जखम होती. जोतीराव फुले यांनी १८८३मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लेखणी कोणाच्या हाती आहे हा मुद्दा वारंवार येतो, तो याच काळात.

१८७९च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने यावर जे उपाय योजले ते आज पुन्हा वाचण्यासारखे आहेत. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे व्हावा आणि त्याने तो समजावून द्यावा. सावकाराने पावती द्यावी. कर्जदाराला वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क असावा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी तो झाला. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून आमच्या पणजोबांच्या वाट्याला तो आला नाही.

कुकीच्या कथेतले खरे वळण मात्र पुढचे आहे. चिठ्ठी दुकानाचीच असती तर ती कीर्द म्हणून खपून गेली असती. पण दुकानाच्या पानावर जाहिरात दुसऱ्याची असते, आणि तीही आपली चिठ्ठी ठेवू शकते. मग शंभर दुकानांत ज्याची जाहिरात तो शंभरही दुकानांतली आपली ये-जा एका खात्यावर लावतो; ही झाली खतावणी. हा धोका अभियंत्यांनी ओळखला होता. फेब्रुवारी १९९७च्या तांत्रिक मानकात अशा परक्या चिठ्ठ्या मुळात बंद ठेवाव्यात अशी शिफारस आहे. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टने ती पाळली नाही. १९९९मध्ये डबलक्लिक या जाहिरात कंपनीने टपालाने माल मागवणाऱ्यांच्या नोंदी बाळगणारी अ‍ॅबॅकस डायरेक्ट विकत घेतली. अनामिक क्रमांकांना खरी नावे जोडण्याचा तिचा बेत होता. ओरड झाली, तो २००० साली मागे घ्यावा लागला. २००८मध्ये डबलक्लिकच गूगलच्या मालकीची झाली. अ‍ॅपलच्या सफारीने २०२०मध्ये परक्या चिठ्ठ्या सरसकट अडवल्या. गूगलने त्या हटवण्याचा संकल्प २०२४मध्ये सोडून दिला. आता तर चिठ्ठीचीही गरज उरलेली नाही. मोबाइल क्रमांक, उपकरणाची ठेवण, पिनकोड एवढ्यावर माणूस ओळखता येतो.

साहित्याच्या वाचकाने यात लक्ष घालावे, कारण हा व्यापार पुस्तकांपासून सुरू झाला. अ‍ॅमेझॉन पुस्तकांचेच दुकान होते. २००७मध्ये बंगळुरूत निघालेले फ्लिपकार्टही. २००३च्या एका निबंधात अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी आपली शिफारस-पद्धती मांडली: माणसाची माणसाशी तुलना न करता वस्तूची वस्तूशी सोयरीक जुळवायची. म्हणजे समीक्षक ज्याला आंतरसंहितात्मकता म्हणतो ते काम गणिताने केले, फक्त एकही पुस्तक न वाचता. ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीत आपण नेलेले पुस्तक असते. या दुकानात आपण उघडून मिटलेलेही असते. जुलै २००९मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे ऑर्वेलच्या ‘१९८४’ची विकलेली प्रत वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. पुढे दिलगिरी व्यक्त झाली, हे खरे. पण कपाटाची किल्ली कोणाकडे आहे तेही त्या दिवशी कळले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. दुकानांवरच्या मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. आपल्याविषयी काय साठवले आहे त्याचा गोषवारा मागता येईल, म्हणजे पासबुकाचा दूरचा नातू भेटेल. शिवाय संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय दुकानाने द्यायची आहे.

ही मराठी कोण लिहिणार? आम्ही मित्रांनी एका संध्याकाळी एका सूचनेचे भाषांतर करून पाहिले. ‘संमती’ सहज आले. ‘प्रक्रिया’ हा शब्द कारखान्यातला वाटला, तरी चालवून घेतला. अडलो ते परक्या कंपनीपाशी. कायद्याच्या मराठीत तिला ‘त्रयस्थ पक्ष’ म्हणतात. पण मराठीत त्रयस्थ म्हणजे ज्याचा वादात हितसंबंध नाही असा, दुरून पाहणारा, म्हणूनच भरवशाचा. जो आपल्याला पाहण्यावरच पोट भरतो त्याला त्रयस्थ म्हणावे काय, यावर बराच वेळ वाद झाला. ‘तिऱ्हाईत’ त्यातल्या त्यात बरा ठरला. तेवढ्यात एकाने विचारले, की गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासारखे हे मोठ्याने वाचून कोण दाखवणार? वीज गेली आणि सभा उठली.