घोंगडी आणि फावल्या वेळाचा हिशेब

‘भिजत घोंगडे’ हा शब्दप्रयोग आम्ही वर्गात सहज वापरतो. समोरच्या विद्यार्थ्यांपैकी घोंगडीची खोळ घेऊन पावसात चाललेला मात्र एखादाच निघतो. वस्तू गेली तरी शब्द मागे राहतो, हे मराठीच्या अभ्यासकाला नवे नाही. इथे प्रश्न हिशेबाचा आहे. हौसेने हातमागावर बसणारी माणसे आज त्यातून छोटा व्यवसाय उभारू पाहतात, आणि स्वतःच्या तासांची किंमत लावताना अडखळतात. सातारा-सांगलीच्या घोंगडीचा इतिहास याच अडखळण्याचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

माण, खटाव, आटपाडी हा पर्जन्यछायेतला मुलूख. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा निर्माण झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. माणदेश असा दोन जिल्ह्यांत वाटला गेला, पण मेंढरांच्या वाटा त्या सीमेने अडल्या नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) याच मुलखातली. तिथे दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात आणि वाडी उठते. मेंढरू हेच भांडवल असल्यावर दुसरे काय व्हायचे!

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. कातरायची, पिंजायची, कातायची. मग खुंट्यांवर ताणा पसरून त्याला चिंचोक्यांची खळ कुंच्याने चढवायची. ताणा वाळला की तो खड्डामागावर जातो. खुटेकर धनगर हे नाव या खुंट्यांवरूनच आल्याचे सांगतात. विणकाम सनगरांकडे वा खुटेकरांकडे असे. कताई बहुधा घरच्या बायांकडे, किंवा कळपामागे चालणाऱ्या मेंढक्याच्या हातातल्या चातीवर. एका घोंगडीत विणण्यापेक्षा कातण्याचा वेळ कितीतरी अधिक जातो. तो कुणी मोजला नाही, कारण तो ‘फावला’ होता. माग परवडला तो या न मोजलेल्या वेळावर. घोंगडी स्वस्त होती असे म्हणताना ती कुणाच्या जिवावर स्वस्त होती, हे आपण सहसा विचारीत नाही.

हा प्रश्न खादीच्या संदर्भात गांधींनी विचारला होता. १९२५ साली स्थापन झालेल्या चरखा संघाची कताईही आरंभी फावल्या वेळाचीच मानली जाई. १९३५ साली गांधींनी आग्रह धरला, की कातणाऱ्या बाईला आठ तासांचे आठ आणे मिळावेत. प्रत्यक्षात ठरलेले दर बरेच कमी होते. तरीही खादी महागली आणि ती खपणार कशी, ही चिंता कार्यकर्त्यांना पडली. आमच्या मते खादीच्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे. अभ्यासक्रमात त्याला क्वचितच जागा मिळते, हेही सांगून टाकू.

घोंगडीला असा कुणी वाली मिळाला नाही. गिरणीचे कांबळे आले; लोकरीला मिळणाऱ्या भावापेक्षा कातरणीच जड होऊ लागली. मेंढी मग मांसासाठी वाढू लागली. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढीची कीर्ती मांसासाठीच आहे. फलटणला १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी स्थापन केलेल्या कृषी संशोधन संस्थेत बंगालच्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. मेंढपाळाच्या पदरात त्यातून दोन पैसे जास्त पडले, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. लोकर मात्र हिशेबाबाहेर गेली.

गादीच्या विधीला, बिरोबाच्या जागरणाला घोंगडी अजून लागते. ग्युंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि दैवते अभ्यासली, रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचे गवळी-धनगरी मूळ शोधले. त्या ग्रंथांमुळे कांबळ्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष गेले, कातणारणीकडे मात्र गेले नाही.

नव्याने माग मांडणाऱ्याला गिरणीचे सूत विकत आणता येते, आणि पुष्कळ जण तेच करतात. हातकताईच्या दख्खनी लोकरीचाच आग्रह धरला, तर कातणारणीचे दिवस किमतीत धरावे लागतील. ते धरले की घोंगडी महागते, जशी १९३५ नंतर खादी महागली होती.