मोरा ते रोम : कॅथलिक ‘सिनड’मध्ये स्थानिक धर्मग्रामांचा वाटा

मोरा (उरण), प्रतिनिधी : भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच मुंबईचे बंदर ओलांडून ज्या धक्क्याला लागते, ते मोरा म्हणजे जुन्या पनवेल तालुक्यातील उरण पेट्याचे बंदर. महसुली नकाशावर उरण आणि पनवेल रायगड जिल्ह्यात मोडतात. कॅथलिक चर्चच्या नकाशावर मात्र हा सारा परिसर मुंबई महाधर्मप्रांतात येतो. या महाधर्मप्रांताचे मुख्य चर्च, कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल, पाण्यापलीकडे आहे. आणि जगातील सुमारे १४० कोटी कॅथलिकांचे केंद्र असलेले रोम तर सातासमुद्रापार. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘सिनड’च्या प्रक्रियेने नेमका याच अंतराचा प्रश्न हाती घेतला. वस्तीतील सामान्य श्रद्धावंताचे म्हणणे रोमपर्यंत पोहोचते का, आणि पोहोचल्यावर त्याचे उत्तर त्या वस्तीत परत येते का? प्रक्रियेचा पहिला भाग पार पडला आहे. दुसऱ्या भागाची कसोटी आता धर्मग्रामांत लागायची आहे.

‘सिनड’ म्हणजे काय?

‘सिनड’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. ‘सोबत’ आणि ‘वाट’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा तो जोड आहे; त्याचा साधा अर्थ ‘सहप्रवास’ असा होतो. चर्चच्या आरंभीच्या शतकांत धर्मविषयक प्रश्न सोडविण्यासाठी भरणाऱ्या सभांना हे नाव होते. आधुनिक काळात पोप सहावे पॉल यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये ‘बिशपांची सिनड’ ही कायमस्वरूपी संस्था स्थापन केली. याच पोपनी त्याआधी काही महिने, डिसेंबर १९६४ मध्ये, आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईला भेट दिली होती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

त्यानंतरच्या सिनड-सभा मुख्यत्वे बिशपांच्या होत्या. एखादा विषय ठरे, बिशप रोमला जमत, चर्चा होई आणि पुढे पोप त्यावर दस्तऐवज प्रसिद्ध करीत. २०२१ च्या प्रक्रियेने हा क्रम उलटा केला. सुरुवात रोमच्या सभागृहात न होता धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, व्हावी आणि त्यात प्रापंचिक म्हणजे धर्मगुरू वा व्रतस्थ नसलेल्या स्त्री-पुरुषांचे म्हणणे आधी ऐकले जावे, अशी ही योजना होती. सहभागिता, सहभाग आणि प्रेषितकार्य ही तिची तीन सूत्रे. विशेष म्हणजे या वेळी चर्चेचा विषय चर्च चालविण्याची रीत हाच होता.

टाळेबंदीनंतरचे पहिले पाऊल

रोममध्ये ९ व १० ऑक्टोबर २०२१ रोजी या प्रक्रियेचे उद्‌घाटन झाले आणि १७ ऑक्टोबर रोजी जगभरच्या धर्मप्रांतांत तिचा आरंभ झाला. महाराष्ट्रात करोनामुळे बंद असलेली प्रार्थनास्थळे ७ ऑक्टोबर रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, नुकतीच उघडली होती. म्हणजे चर्चची दारे उघडल्यानंतर अवघ्या दहा दिवसांत ‘एकत्र बसा, बोला आणि ऐका’ हे आवाहन येऊन धडकले. दूर राहण्याची सवय लागलेल्या समाजासाठी ते सोपे नव्हते.

पूर्वतयारीच्या दस्तऐवजात दहा विषय दिले होते. सहप्रवासी कोण आहेत, कोण मागे राहिले, कोणाचे ऐकले जाते, बोलण्याचे धैर्य कोणाला होते, प्रार्थना व उपासनेत लोकांचा वाटा किती, अन्य धर्मीयांशी आणि समाजाशी संवाद कसा आहे, अधिकार कसा वापरला जातो, निर्णय कसे होतात, असे त्यांचे स्वरूप होते. केवळ नियमित मिस्साला येणाऱ्यांनाच नव्हे, तर चर्चपासून दुरावलेल्यांनाही विचारा, अशी स्पष्ट सूचना होती.

वस्तीपातळीवरची रचना

मुंबई महाधर्मप्रांताला यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. १९८० च्या दशकापासून येथे ‘छोटे ख्रिस्ती समूह’ ही रचना रुजविण्यात आली. सहायक बिशप बॉस्को पेन्हा यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. एका धर्मग्रामाचे वस्तीवार, गृहसंकुलवार लहान भाग पाडायचे. शेजारच्या कुटुंबांनी एखाद्या घरी जमायचे, बायबलमधील उतारा वाचायचा, त्याचा आपल्या जगण्याशी संबंध लावायचा आणि आजारी, वृद्ध, बेरोजगार शेजाऱ्याकडे लक्ष द्यायचे, असे या समूहाचे काम असते.

आशियाई बिशप परिषदांच्या महासंघाने १९९० मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथील अधिवेशनात ‘समूहांचा समूह’ असलेल्या सहभागी चर्चची कल्पना मांडली होती. त्यामुळे आशियाला सिनडची भाषा अगदीच परकी नव्हती.

मोरा-उरणसारख्या ठिकाणी या रचनेचे महत्त्व अधिक आहे. उरणमध्ये पोर्तुगीज काळापासून चर्चची परंपरा आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर नोकरीनिमित्त नवी वस्ती वाढली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू व उरणची लोकल सेवा सुरू झाल्याने हा ओघ आणखी वाढण्याची चिन्हे आहेत. परप्रांतांतून आलेले कुटुंब रविवारी मिस्साला येते आणि निघून जाते. धर्मगुरूंना त्याचे नावही ठाऊक नसते. अशा कुटुंबाचे म्हणणे कोणी ऐकायचे असेल, तर ते इमारतीतील किंवा वस्तीतील समूहानेच.

आवाज वर कसा जातो?

समूहांतील चर्चेचे सार धर्मग्रामाच्या पालकीय मंडळाकडे, तेथून धर्मप्रांताकडे, धर्मप्रांताचा गोषवारा राष्ट्रीय बिशप परिषदेकडे आणि राष्ट्रीय अहवाल रोमच्या सिनड-सचिवालयाकडे, अशी ही साखळी आहे. जगातील ११४ पैकी ११२ बिशप परिषदांनी आणि पूर्व रीतीच्या सर्व १५ चर्चनी अहवाल पाठविले. त्यांच्या आधारे ऑक्टोबर २०२२ मध्ये एक दस्तऐवज तयार झाला आणि तो पुन्हा खंडनिहाय सभांकडे आला. आशियाची सभा २४ ते २६ फेब्रुवारी २०२३ या काळात बँकॉक येथे भरली.

या साखळीत एक स्थानिक गुंतागुंतही आहे. पनवेल परिसरात शेजारी राहणारी दोन कॅथलिक कुटुंबे दोन वेगळ्या व्यवस्थांत मोडू शकतात. लॅटिन रीतीचे कुटुंब मुंबई महाधर्मप्रांतात, तर केरळमधून आलेले सिरो-मलबार रीतीचे कुटुंब १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कल्याणच्या व्यवस्थेत. एकाच जिन्यावरचे दोन आवाज दोन वाटांनी वर जातात. ‘सहप्रवास’ या शब्दाची परीक्षा म्हणूनच रोमच्या आधी जिन्यावर होते.

प्रत्येक टप्प्यावर मजकूर संक्षिप्त होत जातो, ही या साखळीची उघड मर्यादा होय. एखाद्या मच्छीमार वस्तीची किंवा परिचारिकेची नेमकी अडचण राष्ट्रीय अहवालात ‘वंचित घटक’ किंवा ‘महिला’ या दोन शब्दांत सामावून जाते. त्यातच २०२२ च्या दस्तऐवजाने काही ठिकाणी धर्मगुरूंमध्ये भीती, उदासीनता किंवा अनास्था दिसल्याचे स्वतःच मान्य केले. जेथे धर्मगुरूंनी मनावर घेतले नाही, तेथे साखळीची पहिलीच कडी निखळली.

बोलण्याची नवी पद्धत

या प्रक्रियेत ‘आत्म्यातील संभाषण’ नावाची पद्धत वापरली गेली. तिच्या तीन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत प्रत्येक जण ठरावीक वेळात आपला अनुभव सांगतो. त्यावर कोणी प्रत्युत्तर द्यायचे नसते. थोड्या शांततेनंतर दुसऱ्या फेरीत ‘इतरांच्या बोलण्यातील काय मनाला भिडले’ एवढेच सांगायचे. तिसऱ्या फेरीत सर्वांनी मिळून मतैक्याचे व मतभेदाचे मुद्दे नोंदवायचे. ज्या बैठकीत एरवी चार ठरावीक मंडळीच बोलतात, तेथे या शिस्तीमुळे अबोल गृहिणीला आणि संकोची तरुणालाही वेळ मिळतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमला भरलेल्या पहिल्या सत्रात हीच पद्धत गोल टेबलांभोवती वापरण्यात आली. मतदानाचा अधिकार असलेल्या सुमारे ३६५ सदस्यांत ५४ महिला होत्या. सिनडच्या इतिहासात महिलांना मताधिकार मिळण्याची ही पहिलीच वेळ. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस आणि गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव हे या सभेत सहभागी होते.

प्रश्न भाषेचाही

ऐकायचे तर कोणत्या भाषेत, हा महाराष्ट्रात दुर्लक्षिता न येणारा मुद्दा आहे. रायगड जिल्ह्यातच रेवदंड्याजवळील कोर्लई गावातील कॅथलिक समाज पोर्तुगीज व मराठीच्या संपर्कातून घडलेली स्वतःची बोली घरात बोलतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना स्थानिक भाषांत होऊ लागली आणि मराठीला चर्चमध्ये हक्काचे स्थान मिळाले. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात ही परंपरा सर्वाधिक ठळक आहे. ‘सुवार्ता’ मासिक, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे त्यांच्याकडे आलेले अध्यक्षपद ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे.

सिनडचे दस्तऐवज मात्र युरोपीय भाषांत येतात आणि त्यांची परिभाषा जड असते. मुंबई महानगरातील बहुतेक धर्मग्रामांत मराठी, कोंकणी, इंग्रजी, मलयाळम, तमिळ अशा अनेक भाषा बोलणारे लोक एकत्र येतात. प्रश्नावली केवळ इंग्रजीत वाचली गेली, तर घरकाम करणारी किंवा बंदरावर राबणारी व्यक्ती बैठकीत बसूनही बाहेरच राहते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सर्व पंथीय ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी होती. इतक्या लहान समाजात भाषेमुळे पडणारी फूट अधिक जाणवते.

सल्ला की निर्णय?

सिनड ही चर्चची संसद आहे, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. १९८३ च्या चर्चकायद्यानुसार धर्मग्रामात अर्थसमिती अनिवार्य आहे. पालकीय मंडळ मात्र बिशपांना योग्य वाटल्यास स्थापायचे असते आणि त्याचा अधिकार केवळ सल्ल्यापुरता असतो. धर्मगुरूंनी सल्ला मानलाच पाहिजे, असे बंधन नाही. सहभागाचा खरा पेच येथेच आहे. वर्षानुवर्षे सल्ला विचारला गेला आणि त्याचे काय झाले हे कधीच कळले नाही, तर लोक बैठकीला येणे सोडतात.

दुसरे सत्र २ ते २७ ऑक्टोबर २०२४ या काळात झाले. २६ ऑक्टोबरला मंजूर झालेल्या १५५ परिच्छेदांच्या अंतिम दस्तऐवजाने हा पेच टाळलेला नाही. पालकीय मंडळे अनिवार्य करावीत, ‘केवळ सल्ला’ या तरतुदीचा पुनर्विचार व्हावा, आर्थिक व्यवहार पारदर्शक असावेत, कामकाजाचा वार्षिक अहवाल द्यावा, बालके व दुर्बल व्यक्तींच्या संरक्षणाची माहितीही त्यात असावी, असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक परिच्छेदावर स्वतंत्र मतदान झाले. महिलांच्या सहभागाविषयीच्या ६० व्या परिच्छेदाला २५८ मते अनुकूल आणि ९७ प्रतिकूल पडली. दुसऱ्या कोणत्याही परिच्छेदाला इतका विरोध झाला नाही. महिलांना डीकनपद देण्याचा प्रश्न त्यात खुला ठेवण्यात आला. पोप फ्रान्सिस यांनी स्वतंत्र उपदेशपत्र न काढता हाच दस्तऐवज प्रसिद्ध करून चर्चला सोपविला.

आता चेंडू धर्मग्रामाकडे

पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी निधन झाले. ८ मे रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी ही प्रक्रिया पुढे चालू ठेवली असून, ऑक्टोबर २०२५ मध्ये जगभरच्या सिनड-गटांचा मेळावा रोममध्ये झाला. मुंबईतही जानेवारी २०२५ मध्ये कार्डिनल ग्रेशियस यांच्या जागी जॉन रॉड्रिग्ज आर्चबिशप झाले. नेतृत्व दोन्हीकडे बदलले. आखणी कायम आहे.

तीनुसार पुढील टप्पे असे :

• डिसेंबर २०२६ पर्यंत : धर्मप्रांत व धर्मग्रामांत अंमलबजावणी
• २०२७ चा पूर्वार्ध : धर्मप्रांतांत मूल्यमापन सभा
• २०२७ चा उत्तरार्ध : राष्ट्रीय पातळीवरील सभा
• २०२८ चा आरंभ : खंडनिहाय सभा
• ऑक्टोबर २०२८ : व्हॅटिकनमध्ये चर्चची महासभा

२०२१ मध्ये लोकांना ‘तुमचे म्हणणे काय’ असे विचारण्यात आले होते. २०२७ च्या मूल्यमापनात धर्मग्रामांना ‘तुम्ही काय केले’ हे सांगावे लागेल. पालकीय मंडळ स्थापन झाले का, त्याच्या बैठका नियमित होतात का, हिशेब लोकांसमोर मांडला जातो का, नव्याने आलेल्या भाडेकरू कुटुंबाला समूहात बोलावले का, निर्णय वेगळा झाला तर त्याचे कारण सांगितले का, हे प्रश्न तपासण्यासाठी रोमला जाण्याची गरज नाही. मोरा-उरणच्या वस्तीतील कोणताही श्रद्धावंत त्यांची उत्तरे देऊ शकेल, आणि या प्रक्रियेचे यशापयशही त्याच उत्तरांवरून ठरेल.