वैशालीची उब्बाहिका : न्यायविचारात उभय पक्षांचे स्थान

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर १०० वर्षांनी वैशालीत भरलेल्या संगीतीचा उल्लेख बहुधा तेथील दहा वादवस्तूंपुरताच केला जातो. निर्णयाच्या पद्धतीचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक चुल्लवग्गाच्या बाराव्या खन्धकात ती तपशिलाने नोंदलेली आहे.

वैशालीचे वज्जिपुत्तक भिक्षू उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले कांस्यपात्र मांडून उपासकांकडून संघासाठी कहापण घेत. यस काकण्डकपुत्त यांनी त्यास विरोध केला. तेव्हा त्या भिक्षूंनी, उपासकांची क्षमा मागावी, असे पटिसारणीय कम्म त्यांच्यावर लादले. पुढे उक्खेपनीय कम्माचा, म्हणजे बहिष्काराचाही घाट घातला. आरोप करणारे तेच आणि निवाडा देणारेही तेच! अशा ठिकाणी बहुमत असते, न्याय नसतो.

यसांनी पश्चिमेकडील व अवन्ती-दक्षिणापथातील भिक्षूंचे साहाय्य मिळविले. ७०० भिक्षू एकत्र आले. परंतु सभेत वाद लांबतच गेला आणि कोणाच्याही बोलण्याचा अर्थ लागेना. तेव्हा रेवत स्थविरांनी उब्बाहिका, म्हणजे निवडक भिक्षूंची समिती, सुचविली. तीत पूर्वेकडील सब्बकामी, साळ्ह, खुज्जसोभित व वासभगामिक, तर पश्चिमेकडील रेवत, सम्भूत साणवासी, यस व सुमन होते. अशा समितीतील भिक्षू उभय पक्षांची समजूत घालण्यास समर्थ असावा, अशी विनयाची अट आहे.

निर्णय वज्जिपुत्तकांच्या विरुद्ध गेला. पण तो उच्चारला पूर्वेकडीलच ज्येष्ठ स्थविर सब्बकामी यांनी. सरसकट निषेधही झाला नाही. गुरूंच्या आचरणाचे अनुकरण करण्याचा ‘आचिण्णकप्प’ काही प्रसंगी ग्राह्य, काही प्रसंगी अग्राह्य ठरला. पुढे, इतर भिक्षूंची खात्री पटावी म्हणून, तेच प्रश्न संपूर्ण संघासमोर पुन्हा विचारले गेले. न्याय केवळ योग्य असून भागत नाही. ज्याच्या विरुद्ध तो जातो त्यालाही तो उमगावा लागतो, ही जाणीव येथे दिसते.

तथापि या पद्धतीची मर्यादाही नजरेआड करता येत नाही. त्या आठांत एकही भिक्षुणी नव्हती. ज्यांचे कहापण वादाचे मूळ होते, ते उपासकही नव्हते. वस्तुतः यसांची बाजू प्रथम पटली ती त्यांनाच. पूर्व व पश्चिम यांना समान आसन देणाऱ्या संघाने आणखी कोणाला आसन द्यावयास हवे होते, हा प्रश्न आजच्या प्रत्येक न्यायसभेनेही स्वतःला विचारावयास हवा.