मृगनयनी

मृगनयनी : एक स्त्रीनाम. ‘मृग’ (हरीण) आणि ‘नयन’ (डोळा) या संस्कृत शब्दांचा बहुव्रीही समास. अर्थ, हरणासारखे डोळे असलेली. ग्वाल्हेरचा तोमर राजा मानसिंह (कार. १४८६–१५१६) याच्या गुजर राणीचे नाव म्हणून प्रसिद्ध.

व्युत्पत्ती : ‘मृग’ हा शब्द ‘शोधणे, माग काढणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. प्रारंभी तो कोणत्याही रानपशूला लावीत. ‘मृगया’, ‘मृगेंद्र’ या शब्दांत तो व्यापक अर्थ टिकून आहे. मराठीत मृग म्हणजे पावसाचे नक्षत्रही. या नावाशी त्याचा संबंध नाही. पाणिनीय नियमाप्रमाणे (४.१.५६) दोहोंपेक्षा अधिक स्वरांच्या अवयववाचक शब्दापुढे येथे ‘ई’ लागत नाही, म्हणून शुद्ध रूप ‘मृगनयना’. ‘मृगनयनी’ हे लोकभाषांनी रूढ केलेले रूप होय. ‘मृगाक्षी’ला मात्र व्याकरणाची मान्यता आहे. समानार्थी : हरिणाक्षी.

राणी : ती ग्वाल्हेरजवळच्या राई गावची, असे परंपरा सांगते. झुंजणाऱ्या म्हशींना तिने हाताने दूर केले, ते पाहून शिकारीस आलेल्या राजाने तिला मागणी घातली आणि आपल्या गावचे पाणी महालात आणण्याची अट तिने घातली, अशी कथा आहे. मृगनयनी हे जन्मनाव की विवाहोत्तर बिरुद, याविषयी एकवाक्यता नाही. तिच्याशी जोडलेल्या महालाला व रागांना मात्र तिच्या नावाऐवजी ‘गुजरी’ हे जातीचे नाव आहे.

गुजरी महाल : किला गेट भागातून आलमगीर दरवाजाने (१६६०) ग्वाल्हेरच्या गडात शिरताच लागणारा हा दुमजली दगडी महाल मानसिंहाने या राणीसाठी बांधला, असे मानतात. मध्ये मोकळा चौक व भोवती दालने अशी रचना. बाह्यांगावर कोरीव हत्ती, झरोके आणि रंगीत फरश्यांचे अवशेष दिसतात. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये येथे संग्रहालय सुरू झाले. संस्थानातील विखुरलेली शिल्पे व शिलालेख त्यामुळे एका छताखाली आले. ग्यारसपूरची शालभंजिका हे येथील सर्वांत ख्यातनाम शिल्प. पवाया येथील मणिभद्र यक्षाची लेखांकित मूर्ती व ताडपत्राकृती स्तंभशीर्ष ही अभ्यासकांच्या दृष्टीने तितकीच मोलाची आहेत. महालातील मूळ राहणीच्या खुणा त्या मानाने थोड्या.

संगीत : मानसिंह हा ध्रुपदाचा आश्रयदाता होता, ‘मानकुतूहल’ हा संगीतग्रंथ त्याच्या नावे सांगितला जातो आणि फकीरुल्लाने सतराव्या शतकात तो फार्सीत आणला. गुजरी तोडी, बहुलगुजरी, मालगुजरी व मंगलगुजरी हे राग राणीच्या नावे झाल्याचे गायकपरंपरा मानते. परंतु ‘गुर्जरी’ हे रागनाम बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त आढळते, त्यामुळे निदान मूळ रागनाम राणीच्या आधीचे आहे.

साहित्य : वृंदावनलाल वर्मा यांच्या ‘मृगनयनी’ (१९५०) या हिंदी कादंबरीने हे नाव सर्वदूर नेले. तीत नायिकेचे माहेरचे नाव निन्नी आहे. अमोल पालेकर यांनी दूरदर्शनसाठी त्याच नावाची मालिका केली.

इतर : मध्य प्रदेश शासनाच्या हस्तकला विक्रीकेंद्रांचे नाव.