तांब्याच्या तारेचा भाव

2005 च्या उन्हाळ्यात वाटूर फाट्यावर चहा घेताना एका निवृत्त गुरुजींनी मला विचारले, "फोनच्या त्याच तारेतून आता वेगवान इंटरनेट येणार म्हणतात. तार पुरून झालीय, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. मग असल्या कंपनीचा शेअर बुडेल कसा?" मला उत्तर देता आले नाही. पुढे सवडीने जे वाचत गेलो, त्यातून जुळलेले उत्तर इथे मांडतो.

तारेत पैसा घालणे आपल्याकडे नवे नाही. 1881 साली सरकारने ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाने दिले आणि 1882 मध्ये मुंबईत एक्स्चेंज सुरू झाले. पुढे बॉम्बे टेलिफोन कंपनी या खासगी कंपनीकडे असलेला हा कारभार 1943 मध्ये सरकारने विकत घेतला. सामान्य गुंतवणूकदाराला त्यानंतर दार उघडले ते 1 एप्रिल 1986 रोजी मुंबई आणि दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाल्यावर. 1992 पासून सरकारने तिचे काही शेअर विकायला काढले. उरलेला महाराष्ट्र मात्र दूरसंचार खात्याकडेच राहिला आणि ऑक्टोबर 2000 मध्ये भारत संचार निगमकडे गेला. या निगमचा शेअर बाजारात कधी आलाच नाही. म्हणजे वाटूरच्या माणसाला मुंबईच्या तारेत भागीदार होता येत होते, पण स्वतःच्या दारातल्या तारेत नाही.

आता ही विद्या काय होती ते पाहू. माणसाचे बोलणे तारेतल्या सुमारे चार किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात मावते. त्यावरचा पट्टा रिकामाच असतो. अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेतील जोसेफ लेकलायडर यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुचवले, की या रिकाम्या जागेतून माहिती पाठवावी आणि घराकडे येणारा वेग जाणाऱ्या वेगापेक्षा जास्त ठेवावा. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन सिओफी यांनी 1991 मध्ये अमाती ही कंपनी काढून ती कल्पना यंत्रात उतरवली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1997 मध्ये सुमारे 39 कोटी 50 लाख डॉलरना अमाती घेण्याचा करार केला. ज्यांनी विद्या विकली, त्यांचे भले झाले.

ज्यांनी तार भाड्याने घेतली, त्यांचे तसे झाले नाही. 1996 च्या अमेरिकी कायद्याने जुन्या फोन कंपन्यांना आपली तार प्रतिस्पर्ध्यांना वापरू देणे भाग पाडले. कोव्हाड, नॉर्थपॉइंट, ऱ्हिदम्स या कंपन्या त्या जोरावर उभ्या राहिल्या आणि शेअर बाजाराने त्यांना डोक्यावर घेतले. 2001 च्या जानेवारीत नॉर्थपॉइंटने आणि ऑगस्टमध्ये इतर दोघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांनी यंत्रे कर्जाने आणली होती आणि तार होती प्रतिस्पर्ध्याची. गिऱ्हाईक येण्याआधी व्याज दारात आले.

याचा अर्थ, तार ज्याची त्याचा फायदा, असा लागतो काय? गुरुजींचा तर्क हाच होता. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल 2004 मध्ये सरकारी तार इतरांनाही खुली करण्याची शिफारस केली होती. ऑक्टोबर 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने ती सक्ती केली नाही. तार निगमांकडेच राहिली आणि जानेवारी 2005 मध्ये दोन्ही निगमांनी आपापली ब्रॉडबँड सेवा सुरू केली. धोरणानुसार किमान 256 किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड. प्रतिस्पर्ध्याची भीती नव्हती, कर्जाने तार टाकायची नव्हती. कागदावर याहून सुरक्षित गुंतवणूक कोणती?

पण तारेचा भाव तिच्या टोकाला असलेल्या फोनवर ठरतो. मुंबईत खासगी मोबाइल 1995 मध्ये आला, तर महानगर निगमचा मोबाइल 2001 मध्ये. देशातले तारेचे फोन 2006 च्या सुमारास पाच कोटींच्या घरात होते. 2020 पर्यंत ते दोन कोटींवर आले. ब्रॉडबँड आले ते नेमके घरे रिकामी होऊ लागलेल्या वाड्यात. त्यात 2010 मध्ये महानगर निगमला मोबाइलच्या लहरींसाठी सुमारे 11 हजार कोटी रुपये मोजावे लागले. लिलावात इतरांनी लावलेली बोलीच तिला भरायची होती. घोड्यावर बसण्यासाठी बैल विकावे, त्यातला हा प्रकार. मग व्याजाने कंपनी वाकली.

खासगी कंपन्यांची गतही फार वेगळी नव्हती. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी फोनचा परवाना मिळालेली ह्यूजेस इस्पात पुढे ह्यूजेस टेलिडॉटकॉम नावाने 2000 मध्ये शेअर बाजारात आली आणि दोन वर्षांत टाटांकडे गेली. तिच्या जुन्या भागधारकांनी नवे नाव पाहिले, पण तोटा जुनाच राहिला.

आणि वाटूर? परतूर तालुक्यातले, जालना-मंठा रस्त्यावरचे हे गाव. उंच कंपनाचा संकेत तांब्यात फार लवकर विरतो. एक्स्चेंजपासून तारेच्या मापाने चार-पाच किलोमीटरनंतर ही विद्या थकते. मुंबईच्या एका इमारतीत जितके फोन, तितक्यांसाठी आमच्याकडे शेतवस्त्या धरून कैक मैल तार ओढावी लागते, आणि एवढे करून वस्तीवर पोचते ती खरखर. म्हणजे ज्याच्यासाठी तार मोलाची होती, त्याच्यापर्यंत तिचा वेग पोचत नव्हता. आणि ज्याच्यापर्यंत पोचत होता, त्या शहरी गिऱ्हाइकाला दुसरे दहा मार्ग होते. 2011 मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत जाळे न्यायचे ठरवले, तेव्हा तांबे नव्हे, काचेची तार निवडली.

गुरुजी आता नाहीत. भेटले असते तर सांगितले असते, तुमचा तर्क बरोबर होता, मोजमाप चुकले होते. तार कोणाची हे तुम्ही पाहिले. ती किती लांब आहे, तिच्या टोकाला कोण बसले आहे आणि तो उद्याही बसणार आहे का, हे भाव पाहण्याआधी विचारायला हवे होते. आपल्या भागातला शेतकरी विहिरीत पैसा घालण्याआधी हेच तर विचारतो: पाणी किती, आणि ते माझ्या शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेल का?